चुकीच्या लायनीतली ज्वारी

दारव्हा,
११ मार्च २०१८

आदरणीय सत्यशीलाताईस,

धाकट्या भीमराजचा दोन्ही हात जोडून जयभीम. तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि ती मारकुटी शेळी, तिघांच्याही तब्येती ठीक असतील असे धरून चालतो. आमच्याकडे सर्व कुशल आहे, म्हणजे खरेदी केंद्रावर मी माशा मारतो आहे. यंदा गुलाबी बोंडअळीने आमच्याआधीच कापूस ग्रेड करून टाकला, जो वाचला तो व्यापाऱ्यांनी गावागावांतून उचलला, आणि सरकारी केंद्रावर आता गाड्यांऐवजी कुत्री येऊन बसतात. सवयीने मी त्यांचेही दोन ग्रेड पाडले आहेत.

मुख्य विषयाकडे वळण्याआधी माझ्यावर झालेला एक घोर अन्याय तुझ्या कानावर घालणे मी माझे कर्तव्य समजतो. मागच्या शनिवारी नागपुरात, भर दिवसा, एका थंडगार हॉटेलात, चार सभ्य माणसांच्या देखत माझ्या खिशातली खर्र्याची पुडी काढून घेण्यात आली. सकाळीच घोटून घेतलेला ताजा खर्रा, चुना बेताचा, सुपारी कडक. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मला तो दाढेखाली धरता आला नाही. इंग्रजांनीही तुरुंगात माणसाला इतके सुके ठेवले नसेल. काहून, तर तिथे असा नियम होता की ज्या दालनात बियरची परीक्षा चालते तिथे बियरशिवाय कशाचाही वास येता कामा नये. खर्रा नाही, अत्तर नाही, अगरबत्तीचा वास लागलेला सदरा नाही. माझ्या डोक्याचे थंड तेलसुद्धा आयोजकांपैकी एका पोरीने (केस बारीक कापलेले, एका कानात सात बाळ्या, बोलायला मात्र गोड) बेसिनवर उभे राहून साबणाने धुवायला लावले. मी निषेध नोंदवला. तो कोणी नोंदवून घेतला नाही.

होय, बियरच. कपाळाला आठ्या घालू नकोस, पुढे वाच. (हे फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. मी 'बि' म्हटले की तू फोन ठेवतेस, म्हणून कागद घेतला. कागद ठेवून देता येतो, पण तो मधेच तुटत नाही.) आणि मी एक थेंबही चाखला नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

शिवाय मला पाठवलेस तूच, हे विसरू नकोस. दसऱ्याला दीक्षाभूमीवर एवढा जनसागर लोटला होता, त्यात विमलताईंना नेमकी तूच सापडलीस, आणि त्यांना सांगायला नेमके तेच सुचले, की तुमची मैत्रेयी पुण्यात बियर बनवते म्हणे. त्या दिवसापासून तू पोटच्या पोरीशी बोलत नाहीस. तिने तुला 'धान्य प्रक्रिया' असे सांगितले होते. ते खोटे नव्हते. धान्यावर प्रक्रियाच करते, फक्त ती प्रक्रिया जरा लांबवर जाते. पण तुझेही चूक नाही. जी बाई दर रविवारी विहारात बायकांकडून दारू न शिवण्याचे पाचवे शील म्हणवून घेते, जिने फुलसावंगीतली हातभट्टीची मडकी स्वतः दगडाने फोडली, जी यवतमाळच्या दारूबंदीच्या मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे होती (पेपरातल्या फोटोत फक्त तुझी चप्पल आली, ती गोष्ट वेगळी), तिने शिकवून मोठी केलेली पोरगी असल्या कारखान्यात निघावी, हे कोणालाही झोंबेल. मग जानेवारीत मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू भाकर थापता थापता, माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "तू जाय. ते काय करते ते आपल्या डोयानं पाह्य, अन् मले खरं खरं सांग. मंग मी ठरवतो तिले घरात घ्याचं का नाही ते." तर हा त्या पाहणीचा अहवाल आहे. निकाल तुझा.

तिकडे मैत्रेयीचा मला फोन आला, की मामा, नागपूरले स्पर्धा हाये, माही बियर हाये तिच्यात, तुमी याच. पदक भेटलं त आई निदान माह्या फोन त उचलन. आता बियरची स्पर्धा म्हटल्यावर मला वाटले, कोण जास्त पितो ते पाहत असतील. तसे असते तर आपल्या जिल्ह्यातून पदके आणायला ट्रक करावा लागला असता. पण प्रकार उलटाच निघाला. मोठ्या दालनात पांढऱ्या चादरी घातलेली टेबले, प्रत्येक टेबलावर तीन परीक्षक, आणि तिघांचेही चेहरे सांत्वनाला आल्यासारखे. पडद्यामागे बाटल्या उघडायच्या, ग्लासात थोडी थोडी ओतायची, ग्लासावर नुसता नंबर, नाव नाही, गाव नाही. परीक्षक आधी ग्लास उजेडाकडे धरणार, मग त्यात नाक खुपसणार, मग एक घोट घेणार आणि छताकडे पाहत बसणार, तलाठी सातबारा मागितल्यावर पाहतो तसे. मग लिहिणार. मग कोरडा पाव आणि पाणी, आणि पुढचा ग्लास. दिवसभर बियर प्यायची आणि एकदाही हसायचे नाही, असे पिणे मी जन्मात पाहिले नव्हते. आपल्या गावात असे पिऊ लागले तर तुझे आंदोलन आठ दिवसांत संपेल, कारण लोक कंटाळूनच सोडतील.

आणि ताई, ते चांगली बियर कोणती हे ठरवतच नाहीत. मला दुपारपर्यंत हे कळले नाही. तिथे प्रत्येक बियरची जात ठरलेली आहे. (ते 'स्टाईल' म्हणतात, मी आपल्या माहितीतला शब्द वापरला.) त्याचे एक जाडजूड पुस्तक असते. अमुक जातीची काळी असेल तर इतकीच काळी, तमुक जातीची कडू असेल तर इतकीच कडू, फेस असा, वास तसा. बियर अंगाने कितीही गुणी असो, पुस्तकातल्या आपल्या जातीप्रमाणे वागली नाही की गुण कापले. एका टेबलावर मी माझ्या कानांनी ऐकले, "अप्रतिम आहे, पण या स्टाईलची नाही," आणि त्या अप्रतिमला पन्नासपैकी सव्वीस. आपल्याकडे पोरगी पाहायला आलेले लोक कांदेपोहे संपवून असेच काहीतरी बोलून उठतात.

मला हसू आले, आणि लगेच जिरलेही. मी तीस वर्षे दुसरे काय केले? गाडी येते, मी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, खालचा मूठभर कापूस काढतो, चिमटीत धागा ओढून पाहतो, ओलावा पाहतो, कवडी पाहतो (म्हणजे किडलेला, पिवळा, चिकटून बसलेला कापूस, यंदा तेच मुख्य पीक होते), आणि गाडी कुठल्या लायनीत लावायची ते सांगतो. कापूस चांगला की वाईट, हे ग्रेडर कधी बोलत नाही. लाईन तेवढी सांगतो. मात्र आमच्यात एक रीत आहे. लांब धाग्याची गाडी चुकून आखूड धाग्याच्या लायनीत लागली असली, तर ग्रेडर हळूच भुवई उडवतो, आणि शेतकरी काय ते समजून बैल वळवतो. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. चहा पिण्याइतके ते साधे काम आहे. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचे सगळे त्या रितीने झाले.

मी गेलो होतो पाहुणा म्हणून. पण ग्लास नेऊन ठेवायला ठरवलेले दोघे आलेच नाहीत. (आले होते, आदल्या दिवशी, आणि राखीव बाटल्यांची परीक्षा त्यांनी स्वतःच घेऊन टाकली होती.) मग ती सात बाळ्यांची पोरगी दालनात येऊन विचारू लागली, की इथे अजिबात न पिणारे कोणी आहे का. त्या एवढ्या मोठ्या हॉटेलात हात वर करणारा मी एकटा निघालो. मला गळ्यात घालायला एक फडके दिले, खर्रा काढून घेतला (तो प्रसंग वर आलाच आहे), आणि पडद्यामागून टेबलापर्यंत ग्लास वाहायला लावले. मी कोणाचा मामा आहे हे कोणी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते, बहुतेक.

जेवणानंतर गव्हाच्या बियरच्या टेबलावर न्यायचे ग्लास माझ्या हातात आले. चारशे सतरा नंबर. दोन पावले गेलो आणि माझे पायच थांबले. ताई, तो वास तू रोज उन्हाळ्यात घेतेस. रात्रभर ज्वारीचे पीठ भिजवून ठेवलेल्या मडक्याचे फडके सकाळी सोडले की जो येतो, तो. आंबिलीचा. मी त्या थंडगार हॉटेलात तीन ग्लास हातात धरून उभा, आणि नाकात आपले स्वयंपाकघर. ही बियर कोणाची, ते मला कोणी सांगायची गरज उरली नाही. ज्वारी गव्हाच्या टेबलावर कशी, हे मागाहून कळले. त्यांच्या यादीत ज्वारीला रकानाच नव्हता, म्हणून तिच्या पुण्याच्या कारखान्याच्या मालकाने जवळची नातेवाईक समजून तिला गव्हात घातली. (रकाना नसला की काय होते, हे आपल्या घराला शिकवायला नको. छप्पन साली दीक्षा घेतलेले आबा तुझे नाव शाळेत घालायला गेले, तर 'बौद्ध' असे लिहायला जागा नाही म्हणून मास्तरांनी टाक खाली ठेवला, आणि मास्तर तो पुन्हा उचलेपर्यंत आबा शाळेच्या पायरीवरून उठले नाहीत.)

टेबलावर मुंबईचे एक चष्मेवाले साहेब होते. त्यांनी नाक घातले, घोट घेतला, छत पाहिले आणि म्हणाले, "आंबट. बाटलीत जंतू गेले. खराब." बाकी दोघांनी माना हलवल्या. पन्नासपैकी चोवीस. तुझ्या आंबिलीला खराब म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तू तिथे असतीस तर दारूबंदी बाजूला ठेवून आधी त्याचे मडके फोडले असतेस.

आणि त्याच दालनाच्या दुसऱ्या टोकाला, ताई, आंबट बियरचे टेबल होते! मुद्दाम आंबवलेल्या बियरचे! तिथे तिघे जण हा आंबटपणा दह्याचा की लिंबाचा यावर दोन लग्ने मोडतील इतक्या जोराने भांडत होते, आणि आंबटपणाला हात सैल सोडून गुण देत होते. इकडे जो दोष, तो तिकडे गुण. आता तूच सांग, मी काय करायला हवे होते? मी पडद्यामागे गेलो, चारशे सतराच्या बाटलीत उरलेली होती ती तीन ग्लासांत ओतली, नंबर लावला आणि आंबट टेबलावर शेवटी नेऊन ठेवली. विचार असा केलाच नाही. बैल वळवले, झाले.

तिथे बंगलोरचा एक दाढीवाला होता. दाढी एवढी, की एखादा घोट तिच्यातच मुरावा. त्याने वास घेतला, घोट घेतला, आणि छताकडे पाहिले नाही. सबंध दिवसात असे पहिल्यांदा झाले. त्याने दुसरा घोट घेतला, जो ते कधीच घेत नाहीत, आणि शेजारणीला म्हणाला, "यार, ये क्या है?" तिने आपला ग्लास रिकामा केला. त्रेचाळीस! मी रिकामे ग्लास उचलताना माझ्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून यंदाच्या कापसाचा विचार करत राहिलो.

संध्याकाळी निकाल. मैत्रेयी माझ्या शेजारी, हातात हात धरून. आंबट गटात पहिला नंबर, चारशे सतरा! पोरगी ताडकन उभी राहिली, आणि अर्धवट उभी असतानाच तिचा चेहरा बदलला. "मामा," ती हळूच म्हणाली, "मी त गव्हात होतो." तोवर व्यासपीठावरही कागद चाळणे सुरू झाले होते. हा नंबर या गटात आलाच कसा, कोणी नेला, अशी विचारपूस माईकवरून सुरू झाली. मी उभा राहिलो. तीस वर्षांत ग्रेडवरून मी कोणापुढे तोंड लपवले नाही, तिथेही लपवले नाही. मला माईक दिला. मी सांगितले की गाडी चुकीच्या लायनीत लागली होती, मी बैल वळवले. दालनात कोणाला काही समजले नाही, म्हणून मी कापूस, लांब धागा, आखूड धागा, भुवई उडवण्याची रीत, सगळे सविस्तर समजावले. आणि साक्ष द्यायची तर पुरी द्यावी म्हणून हेही सांगितले, की मी तिचा सख्खा मामा आहे. ते नसते सांगितले तरी चालले असते, असे आता वाटते. दाढीवाल्याने माझी बाजू घेतली. मग त्याच्या पुढ्यात ते पुस्तक उघडले, मग त्याने ती सोडली. चारशे सतरा दोन्ही गटांतून बाद. पदक गोव्याच्या कुठल्याशा बियरला गेले, जिच्यात कोकम होते.

थोडक्यात, तुझ्या पोरीचे पदक मी घालवले. जे पदक घेऊन ती तुझ्या दारात उभी राहणार होती, तेच.

ती मला रागावली असती तर बरे झाले असते. यवतमाळच्या बसमध्ये ती कळंब येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "मामा, बियर तेच. तिकडं चोवीस, इकडं त्रेचाळीस." मी म्हटले, "माय, चुकलं माह्यं." ती म्हणाली, "तुमचं नाही म्हणत मी." आणि थोड्या वेळाने, "आईच्या टेबलावर किती भेटतीन?" मी, ज्याला जगातल्या कुठल्याही विषयावर बोलता येते, त्या मी झोपल्याचे सोंग घेतले.

आता डोळ्यांनी जे पाहिले आणि तिच्या तोंडून जे ऐकले ते. बियर बनवणे म्हणजे नव्वद टक्के धुणे-घासणे आहे. सोड्याने तिचे हात तुझ्या हातांपेक्षा जास्त भेगाळले आहेत. ती गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून टाक्यांत उतरते. पिते का, हे मी स्पष्ट विचारले. कामापुरती चाखते, असे तिने तितकेच स्पष्ट सांगितले. माझ्याशी खोटे बोलणे सोपे होते, ती बोलली नाही. ज्वारी आंबवायचे कुठे शिकलीस म्हटले, तर म्हणाली, आईच्या मडक्याजवळ बसून. तिचा धंदा मी धुवून पांढरा करत नाही. दारूने आपल्या गल्लीत काय केले ते तू पाहिले आहेस आणि मीही पाहिले आहे. शीलाच्या बाबतीत तू सांगशील ते खरे. पण तू तिला हातभट्टीवाल्यांच्या टेबलावर ठेवून गुण देते आहेस, असे मला वाटते. मला गाड्या वळवायची खोड आहे, हे आता नागपूरभर झाले आहे, तेव्हा हेही तू त्यातलेच समज. मी मात्र त्या सबंध दिवसात थेंबभरही तोंडाला लावली नाही, हे पुन्हा एकदा लिहितो.

भाऊजींना जयभीम सांग, लहानांच्या पाठीवरून हात फिरव, शेळीला नमस्कार लांबूनच.

तुझा आज्ञाधारक (नागपूर वगळता) भाऊ,
भीमराज

ता. क. थेंबभरही नाही, असे मी वर दोनदा लिहिले आहे. पडद्यामागे बाटलीच्या तळाशी चमचाभर राहिली होती. कशी लागली ते लिहीत नाही, कारण लिहिले तर तू ओळखशील. दुसऱ्या दिवशी विहारात जाऊन पुन्हा शील घेतले. भन्तेजींनी कारण विचारले नाही, नुसते माझ्या तोंडाकडे पाहिले.

आणखी ता. क. हे पत्र पोस्टाने आलेले नाही हे तुझ्या ध्यानात आलेच असेल. ज्याने ते आणून तुझ्या हातात दिले तो उकंडा, इथल्या नाक्यावरचा जीपवाला. त्याची जीप तुझ्या घराच्या वळणावर लिंबाखाली उभी आहे. तीत मागच्या सीटवर मैत्रेयी बसली आहे. ती आठवडाभर माझ्याकडेच होती, आणि हे पत्र तिने वाचलेले नाही. उकंडाला सांगून ठेवले आहे, की ताईने पत्र वाचून दार लावून घेतले तर काही न बोलता पोरीला परत घेऊन ये. ऊन वाढले आहे, आणि लिंबाची सावली सरकत असेल. मी एवढे लांबण लावले त्याची माफी असावी. थोडक्यात लिहिणे मला जमत नाही, आणि जमले असते तर धीर झाला नसता. पदक नाही. तिच्याजवळ दाखवायला काही नाही. दार उघड, एवढेच मागतो. बोलणे नंतर.

शेवटचे. जानेवारीत तुझ्याकडून निघताना कबुतरांसाठी म्हणून मी तुझ्या कोठीतली अर्धा मण ज्वारी नेली होती. कबुतरांना अर्धा मण कायले लागते, हे तू विचारले नाहीस. विचारशील म्हणून मी सबंध वाटेने उत्तर तयार करत होतो. माझ्याकडे कबुतरे नाहीत, ती मी पुण्याला मैत्रेयीकडे पाठवली. नागपूरला चारशे सतरा नंबर घेऊन गेली ती तीच ज्वारी. तेवढीच, यंदाची, बायकोकडून पाखडून घेतलेली, आज परत पाठवली आहे. उकंडा ती टपावर टाकत होता, मैत्रेयीने टाकू दिली नाही; पोतडी पायाशी घेऊन बसली आहे. तिच्या एकटीच्याने उतरायची नाही. दुसरे टोक तू धर.